तो तुझा कोण लागत होता?

बुधवारी सकाळी वहिनी चहा गाळता गाळता म्हणाली, "रात्रभर जागाच आहे. डोळे बघा त्याचे. कुणी ऑझी म्हणून गेला म्हणे."

ऑझी ऑस्बर्न. ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक, वय ७६, मूळचा इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा. २२ जुलै २०२५ ला गेला. बातमी आली तेव्हा तिकडे संध्याकाळ होती, आपल्याकडे मध्यरात्रीचा सुमार. माझ्या एकोणीस वर्षांच्या भाच्याला ती फोनवर कळली आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत तो पहाटेपर्यंत दिवा न मालवता बसून राहिला.

आई खाली चिंच-मीठ घेऊन समया घासत बसली होती, कारण दुसऱ्या दिवशी दिव्यांची अमावस्या. ग्वाल्हेरच्या मराठी घरांचं हे एक गमतीचं दुहेरी गणित आहे: बाहेर सगळ्यांचा सावन सुरू होऊन पंधरवडा होत आलेला असतो आणि घरात अजून आषाढच चालू असतो. तर आईने हात न थांबवता विचारलं, "तो ह्याचा कोण लागत होता?"

दुपारी शेजारच्या भाभींनी तोच प्रश्न हिंदीत विचारला. "कौन लगता था इसका?" दोन्ही भाषांत क्रियापद एकच, लागणं. नातं माणसाला लागतं, ठेच लागते तसं.

मी शाळेत समुपदेशक आहे. आवडता गायक, नट किंवा खेळाडू गेला म्हणून कोलमडलेली मुलं वर्षा-दोन वर्षांतून एकदा तरी माझ्यासमोर येऊन बसतात, आणि त्यांच्या मागोमाग गोंधळलेले आईवडील. "घरात कुणाचं काही झालं तर एवढा रडला नाही हो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते सुरू झालं की मी शेवट मनातल्या मनात पूर्ण करते. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याला आपलं नावही ठाऊक नव्हतं, अशा माणसासाठी माणूस खरंच रडतो का? रडतो तर ते नेमकं काय असतं? आईच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

आपल्याकडे सुतकाचं छापील कोष्टक मिळतं. पंचांगात पाहा: अमुक नात्याला दहा दिवस, तमुक नात्याला तीन, लांबच्याला नुसतं स्नान. बातमी उशिरा कळली तर काय करायचं, तेही दिलेलं असतं. शास्त्रानुसार ते अशौचाचं कोष्टक, दुःखाचं नव्हे. पण व्यवहारात त्याने दुःखाला जागा करून दिली जाते. घरात गोडधोड होत नाही, लोक भेटायला येतात, पिठलं-भात कुणीतरी बाहेरून आणून देतं, दाढी का वाढली असं कुणी विचारत नाही. दहाव्याला नदीकाठी कावळ्याची वाट पाहत सगळे उभे राहतात आणि तेराव्याला माणूस पुन्हा व्यवहारात येतो. कोण किती जवळचं, हे आधीच ठरलेलं असल्यामुळे रडणाऱ्याला आपलं रडणं सिद्ध करावं लागत नाही.

या कोष्टकात ऑझी ऑस्बर्न कुठेच बसत नाही. त्याला नुसतं स्नानसुद्धा नाही.

अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं. मराठीत त्याला 'हक्क नाकारलेलं दुःख' म्हणता येईल. समाज ज्या दुःखाची दखल घेत नाही, ज्यासाठी सुट्टी मिळत नाही, सांत्वनाला कुणी येत नाही, उलट थोडं हसूच येतं, ते दुःख. पाळलेला कुत्रा गेला, पोटातलं मूल गेलं, घटस्फोट झालेला नवरा वारला, ही त्याची उदाहरणं. चाहत्याचं दुःखही याच रांगेतलं. मुख्य अडचण अशी की या माणसाला दोन ओझी वाहावी लागतात. एक गेलेल्याचं, दुसरं "एवढं काय त्यात" या वाक्याचं. माझ्याकडे येणारी मुलं बऱ्याचदा दुसऱ्या ओझ्याखाली वाकलेली असतात.

इथे मला एक गंमत दिसते, ती पुस्तकात वाचलेली नाही, घरात बसून सुचलेली आहे. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर गेल्या तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा होता. आमच्या घरी त्या दिवशी दुपारपर्यंत कुणी धड जेवलं नाही. आई देवघरापाशी बसून रडली. 'त्या तुझ्या कोण लागत होत्या' असं तिला कुणीही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिने क्षणात उत्तर दिलं असतं: दीदी. आपण काय करतो, तर आवडलेल्या माणसाला आधी नात्यात ओढून घेतो. लतादीदी, आशाताई, भीमसेनअण्णा, किशोरदा, पंचमदा. पु. ल. तर अवघ्या महाराष्ट्राचे भाई. एकदा नातं लावलं की पुढे रडायची सोय आपोआप होते. रॉकवाल्यांना असं नातं लावायला आपल्याला जमलेलं नाही. ऑझीदादा म्हणून बघा, हसू येईल. त्याला त्याचे चाहते 'अंधाराचा राजपुत्र' म्हणायचे. राजपुत्राचं सुतक प्रजेने कसं पाळायचं?

आता मुळाशी जाऊ. ओळख नसलेल्या माणसाशी नातं तयार होतं तरी कसं?

१९५६ मध्ये, टीव्ही नवा नवा होता तेव्हा, डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी एक निरीक्षण मांडलं. पडद्यावरचा निवेदक कॅमेऱ्याकडे बघून बोलतो, तेव्हा घरात बसलेल्या माणसाला तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं. रोज तेच झालं की ओळख वाढते, जिव्हाळा निर्माण होतो. पण हे सगळं एकाच बाजूने. या एकतर्फी जवळिकीला त्यांनी दिलेलं 'पॅरासोशल' हे नाव आज मानसशास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवतात, आणि बरेच लोक ते जरा तुच्छतेनेच वापरतात, जणू हा बिचाऱ्या एकाकी लोकांचा आजार आहे.

तसं ते नाही. आपला मेंदू ज्या काळात घडला त्या काळात एखाद्याचा आवाज कानाशी ऐकू येणं म्हणजे तो माणूस जवळ असणं, एवढंच होतं. रेकॉर्डिंग ही कालपरवाची गोष्ट. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. त्यामुळे रात्री अकरा वाजता डोक्यावर पांघरूण घेऊन, हेडफोन लावून एखादा आवाज ऐकला की डोक्याला कळतं ही रेकॉर्ड आहे. बाकीच्या शरीराला ते तितकंसं कळत नाही. त्यातून गाण्याचं आणखी एक: सिनेमा आपण दोनदा पाहतो, पुस्तक एकदा वाचतो, गाणं मात्र पाचशे वेळा ऐकतो. भाच्याने मागच्या पाच वर्षांत ऑझीचा आवाज जितके तास ऐकलाय तितके तास त्याने माझा ऐकलेला नाही. मी सख्खी आत्या आहे.

शिवाय गाणं बऱ्याचदा अशा वेळी सोबत असतं जेव्हा दुसरं कुणी नसतं. नापास झाल्याची संध्याकाळ, प्रेमभंगाची रात्र. या सोबतीत समोरचा काही विचारत नाही, उपदेश करत नाही, शेजाऱ्यांना सांगत नाही. असा 'माणूस' गेला की रिकामं झालेलं काहीतरी खरंच असतं.

माझा अनुभव एप्रिल १९९४ चा. मी कॉलेजात होते. दिल्लीच्या एका मैत्रिणीने डब करून पाठवलेली निर्वाणा या अमेरिकन बँडची कॅसेट वॉकमनवर ऐकून ऐकून इतकी झिजली होती की एका गाण्याच्या मध्येच आवाज पाण्यात बुडाल्यासारखा व्हायचा. आजही ते गाणं कुठे स्वच्छ ऐकू आलं तर मला तिथे चुकल्यासारखं वाटतं. त्या बँडचा गायक कर्ट कोबेन ५ एप्रिलला गेला, जगाला ८ एप्रिलला कळलं, आणि मला त्याच्याही बऱ्याच दिवसांनी, वाचनालयात जुना इंग्रजी पेपर चाळताना, आतल्या पानावर. वय २७. मी पेपर घडी करून जागेवर ठेवला, बाहेर येऊन सायकल काढली आणि घरी न जाता बाड्याला दोन चकरा मारल्या. महाराज बाडा म्हणजे लष्करचं नाक. तिथे नेहमीसारखी गर्दी, चाटवाले, टेम्पोवाले. मला कुणालातरी सांगायचं होतं आणि ग्वाल्हेर शहरात ते सांगण्याजोगा एकही माणूस मला ठाऊक नव्हता. घरी आल्यावर आईने विचारलं, उशीर का झाला. मी म्हणाले, पंक्चर.

त्याच आठवड्यात, १० एप्रिलला, सिएटलमध्ये हजारो पोरं एका मैदानात जमली होती, एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, हे मला कैक वर्षांनी कळलं. वाचून आधी हेवा वाटला. नंतर बरं वाटलं, की कुठेतरी त्याचा दहावा झाला होता.

हे 'जमणं' महत्त्वाचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. घरात विधी नाही, मग चाहते स्वतःच विधी तयार करतात, आणि जगभर ते विधी आश्चर्य वाटावं इतके सारखे असतात. बीटल्स बँडच्या जॉन लेननचा ८ डिसेंबर १९८० ला न्यूयॉर्कमध्ये खून झाला. अंत्यविधीचा जाहीर कार्यक्रम झाला नाही. त्याऐवजी पत्नी योको ओनो यांनी १४ डिसेंबरला दहा मिनिटं मौन पाळा, असं लोकांना सांगितलं. सेंट्रल पार्कमध्ये अफाट गर्दी जमली आणि दहा मिनिटं गप्प उभी राहिली. रेडिओ स्टेशनांनीही प्रक्षेपण थांबवलं. संगीतासाठी जमलेली गर्दी शांततेत उभी आहे, यापेक्षा मोठा विधी कुठला पुरोहित सांगणार होता?

क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, त्याची गोष्ट तर आपल्याला आणखी जवळची. फारुख बुलसारा हे त्याचं खरं नाव. जन्म झांझिबारचा, घराणं पारशी, आडनाव गुजरातच्या बुलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. शाळा आपल्या पाचगणीची. पहिला बँड त्याने तिथेच मित्रांबरोबर काढला. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेत त्याचे अंत्यसंस्कार झाले. पण अस्थी कुठे आहेत हे त्याच्या इच्छेनुसार गुप्त ठेवलं गेलं. म्हणजे चाहत्यांना जायला जागाच उरली नाही. मग त्यांनी जागा केली: त्याच्या लंडनच्या घराची बाहेरची भिंत वर्षानुवर्षं निरोपांनी भरत राहिली, आणि १९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या मॉन्ट्रोत तळ्याकाठी त्याचा पुतळा उभा राहिला, तर लोक त्याच्या पायाशी फुलं वाहायला लागले. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्येच सांगून ठेवलंय की एकत्र जमून, एकाच वेळी, एकच गोष्ट केली की माणसाला स्वतःपेक्षा मोठ्या कशात तरी सामील झाल्यासारखं वाटतं. एकटं रडलं की दुःखच असतं. दहाजणांत तेच गाणं ओरडून म्हटलं की त्यात थोडी ऊब येते.

ग्वाल्हेरवाल्याला हे परक्या देशातून शिकायची गरजच नाही. हजिऱ्याकडे सूफी संत मोहम्मद गौस यांच्या भव्य मकबऱ्याच्या शेजारी तानसेनची छोटीशी मजार आहे, आणि तिच्यापाशी चिंचेचं झाड. त्याचा पाला चघळला की गळा सुरेल होतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. लहानपणी आमच्या गाण्याच्या बाईंनी आम्हां सगळ्या मुलींना तिथे नेलं होतं. पाला आंबट आणि तुरट लागतो. गळ्यात काही फरक पडला नाही, निदान माझ्या तरी. पण विचार करा, तानसेनला जाऊन सव्वाचारशे वर्षांहून जास्त काळ लोटला, त्याचा आवाज आज जिवंत असलेल्या कुणीही ऐकलेला नाही, तरी माणसं त्याच्या कबरीजवळच्या झाडाचं पान तोंडात घालतात. चाहतेपण यापेक्षा वेगळं काय असतं? दर डिसेंबरात तिथे तानसेन समारोह भरतो. मुळात तो उरूस म्हणूनच सुरू झाला. पहिल्या सकाळी शहनाई, मग ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मौलानांचा मीलाद. नाथपंथी मठाचे महाराज आणि मौलवी एका गवयाच्या कबरीपाशी आळीपाळीने बसतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. कुणी कुणाचं लागत नाही आणि तरी सगळे आलेले असतात.

परत भाच्याकडे. मला एक कोडं पडलं होतं. तरुणपणी ऐकलेलं संगीत माणसाला जन्मभर चिकटतं, हे मानसशास्त्रात पक्कं आहे. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे सगळ्यात ठळक राहतात. आलेख काढला तर तिथे टेकाडासारखा उंचवटा दिसतो. त्यामुळे चाळिशीतली माणसं आपल्या कॉलेजच्या काळातल्या गायकासाठी रडतात तेव्हा ती अर्धी स्वतःच्या गेलेल्या वयासाठी रडत असतात. मी कोबेनसाठी आज हळवी होते ती अशीच. पण ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० चा. तेव्हा या मुलाचा बापही जन्मला नव्हता. याला का रडू यावं?

विचारलं. उत्तर असं निघालं की रेकॉर्डिंगला वय नसतं. ज्या दिवशी तुम्ही ऐकता त्या दिवशी ते नवं असतं. त्याने ते पंधराव्या वर्षी ऐकलं. बँडचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनमध्ये तुटली. त्याने वितळवलेल्या प्लॅस्टिकची टोपणं बनवून बोटांवर चढवली, तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांमधूनच तो जड, खर्जातला आवाज आला ज्यावर पुढे अख्खं हेवी मेटल उभं राहिलं. हे सगळं भाचा मला हातवारे करून सांगत होता. आणि मग म्हणाला, "आबांना सांगितलं होतं मी हे. त्यांना आवडलं होतं."

आबा म्हणजे माझे वडील. ग्वाल्हेर घराण्याचे कट्टर श्रोते, कृष्णराव पंडितांना समोर बसून ऐकलेला माणूस. नातवाच्या खोलीतून तो गडगडाट यायला लागला की बाकीचे दारं लावून घ्यायचे, आणि आबा मांडीवर बोट आपटून मात्रा मोजायचे. एकदा म्हणाले, "चारचंच आहे रे. विलंबित आहे म्हणून जड वाटतंय." बस, त्या दिवसापासून दोघांची गट्टी.

आबा मे २०२१ मध्ये गेले, दुसऱ्या लाटेत. दवाखान्यातून थेट स्मशानात. आम्ही चौघं, लांब उभे. भेटायला कुणी आलं नाही, येऊ शकत नव्हतं. दहाव्याला गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. तेव्हा हा मुलगा पंधरा वर्षांचा होता आणि, वहिनीच्याच शब्दांत, "एक टिपूस गाळलं नाही त्याने."

माझ्या धंद्यात हे वारंवार दिसतं. एखाद्या मृत्यूच्या वेळी रडायला जागा मिळाली नाही, की ते दुःख तसंच पडून राहतं आणि पुढच्या कुठल्यातरी मृत्यूचं बोट धरून बाहेर येतं. पुढचा मृत्यू बहुतेक वेळा लांबचा असतो, कारण लांबच्यासाठी रडणं सोपं असतं. म्हणजे ऑझीचं दुःख खोटं होतं का? मुळीच नाही. त्याच दारातून दोघं आत आले, एवढंच.

दोन दिवसांनी सकाळी तो बाहेर जाऊन कागदात बांधलेली गरम बेडई घेऊन आला, भाजीत बुडवून चार खाल्ल्या, फोनवर काहीतरी बघून खो खो हसला. वहिनी हलकेच म्हणाली, "झालं, विसरला." रात्री पुन्हा वरचा दिवा चालू. तिला वाटलं नाटक करतोय की काय.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो व्हॉट्सॲपवर फार फिरतो: दुःखाच्या पाच पायऱ्या. नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, पण मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नव्हे. नंतर त्या सगळ्यांनाच लावल्या गेल्या आणि लोक जिना चढल्यासारखं दुःख करायचं असतं असं समजू लागले. प्रत्यक्षात ते झोपाळ्यासारखं असतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी १९९९ मध्ये ते नीट मांडलं: माणूस एकदा गमावलेल्याकडे झुकतो, एकदा चालत्या आयुष्याकडे, आणि ही ये-जाच त्याला सावरते. बेडई खाणं हाही दुःखाचाच भाग आहे. तेराव्याला पंगतीत हसणारी माणसं आपण पाहिलेली असतातच, त्यांना आपण निर्दय म्हणत नाही.

तसं हसण्यासारखं या गृहस्थात बरंच होतं, हेही खरं. १९८२ मध्ये अमेरिकेत एका कार्यक्रमात कुणीतरी स्टेजवर वटवाघूळ फेकलं आणि ऑझीने, रबराचं असेल असं समजून, त्याचं डोकं चावलं. मग रेबीजची इंजेक्शनं. हे कळल्यावर आईने दिवा खाली ठेवला. "वटवाघूळ?" ती म्हणाली. "आणि त्याच्यासाठी हा जेवत नाही?" भाचा तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्यासमोर हसला.

एका बाबतीत मात्र सावध राहावं लागतं. गायकाने स्वतः जीव दिला असेल, जसा कोबेनने दिला, किंवा लिंकिन पार्कच्या चेस्टर बेनिंग्टनने २० जुलै २०१७ ला, तर चाहत्यांच्या दुःखात वेगळा धोका मिसळतो. आत्महत्येच्या बातम्या भडकपणे, तपशीलवार, पहिल्या पानावर आल्या की तशा घटना वाढतात, हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवलं. कोबेननंतर सिएटल परिसरात सगळ्यांना हीच भीती होती. तशी वाढ दिसली नाही. मदतीच्या फोनवर येणारे कॉल मात्र वाढले. त्या मैदानातल्या सभेतच लोकांना मदत कुठे मिळेल ते सांगितलं गेलं होतं, आणि कोबेनच्या पत्नीचं रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकवलं गेलं, त्यात रडणं होतं तसा त्याच्यावरचा रागही होता. मरण्यातलं खोटं सौंदर्य त्या रागाने पुसून टाकलं, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणून घरातलं मूल अशा गायकासाठी रडत असेल तर विषय टाळू नका, "तुलाही तसं काही वाटतं का" असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही. हो म्हणालं, किंवा आठवडे उलटले तरी झोप-जेवण थाऱ्यावर येत नसेल, तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

आणि बाजार. माणूस गेल्याच्या तिसऱ्या दिवशी टी-शर्ट विकायला येतात. भाच्यानेही एक मागवला, पैसे आधी भरून. आला तो दोन मापं लहान, त्यावर नावाचं स्पेलिंग चुकलेलं. त्याला राग आला नाही. तो त्याने गिटारला घातला.

ऑझीच्या बाबतीत चाहत्यांना एक गोष्ट लाभली, जी फार थोड्यांना लाभते: निरोप घेता आला. २०२० मध्येच त्याने पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं होतं. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये, तो लहानाचा मोठा झाला त्या ॲस्टनमधल्याच मैदानावर, शेवटचा कार्यक्रम झाला. उभं राहता येत नव्हतं, म्हणून काळ्या सिंहासनावर बसून तो गायला. बँडचे मूळचे चौघं वीस वर्षांनी एकत्र आले होते. भाच्याने तो रात्र जागून पाहिला. आणि त्यानंतर सतरा दिवसांनी बातमी.

३० जुलैला त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवरून निघाली, आणि ती फोनवर थेट दिसत होती. आपल्याकडे संध्याकाळ. भाचा खाली आईच्या खोलीत येऊन बसला, कारण वर नेट नीट येत नव्हतं. निदान त्याने कारण तेच सांगितलं. आई माळ घेऊन बसली होती. त्याने फोन तिच्या तक्क्याला टेकवून उभा केला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. काळे कपडे, पांढऱ्या दाढ्या, खांद्यावर बसवलेली पोरं. जांभळ्या फुलांनी लिहिलेलं नाव. ब्लॅक सॅबथचं नाव दिलेल्या पुलापाशी गाडी थांबली, बायको-मुलं उतरली, फुलांच्या ढिगाकडे बघत उभी राहिली. आणि गाडीच्या पुढे पितळी वाद्यांचा बँड, ब्लॅक सॅबथचीच गाणी वाजवत, सावकाश चाललेला.

आईची माळ थांबली. आमच्या इकडे भरल्या घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याचं 'विमान' काढतात, गुलाल उधळत, बँड लावून. लष्करात निम्मं आयुष्य काढलेल्या बाईला ते ओळखीचं वाटलं.

"वय काय म्हणालास?"

"शहात्तर."

"नातवंडं पाहिली का त्याने?"

"हो आजी. आहेत."

ती थोडा वेळ बघत राहिली. बँडवाल्यांचा ट्रॉम्बोन उन्हात चमकत होता.

"वाजतगाजत नेलं," ती म्हणाली. मग तिने फोनची दिशा थोडी बदलली, भिंतीवरच्या आबांच्या फोटोकडे, आणि माळ पुन्हा ओढायला लागली.